आरोग्याच्या ओसरीवर : ‘अहो, ती काही मोठी शस्त्रक्रिया नाही!’

काचीगुड्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानांचे असून त्यातील पहिली तीन पाने लग्नाची आहेत. मुलगी सव्वीस वर्षांची, हायटेक सिटीतल्या एका कंपनीत नोकरीस. स्थळ चांगले मिळाले, मुहूर्त मार्गशीर्षातला धरला आहे. हे वाचून मनास आनंद झाला. खरा प्रश्न चौथ्या पानावर आहे. मुलीस लग्नापूर्वी पोटावरची व मांड्यांवरची चरबी काढून घ्यावयाची आहे आणि त्याच वेळी नाकाचा बाकही सरळ करून घ्यावयाचा आहे. एका चिकित्सालयात ती चौकशी करून आली. तेथे तिला सांगण्यात आले, की सकाळी या, सायंकाळी घरी जा. ही काही मोठी शस्त्रक्रिया नाही. वय लहान, प्रकृती उत्तम, तेव्हा हिमोग्लोबिन आणि साखर पाहिली की झाले. मुलीचे वडील मात्र याच्या अगदी उलट टोकास आहेत. कुठल्याशा प्रयोगशाळेची सत्तर तपासण्यांची एक योजना त्यांनी वर्तमानपत्रात पाहिली असून ती सगळी करून घेतल्याशिवाय मुलीच्या अंगाला सुरी लागू देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले आहे. “डॉक्टरबाई, घरात रोज वाद होतो. दोघांपैकी बरोबर कोण, ते तुम्हीच सांगा,” असे भगिनी लिहितात.

दोघेही चुकत आहेत, असे माझे मत आहे. ते तसे का, हे आज जरा विस्ताराने सांगते. कारण हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही. आपल्या वाचकांच्या घरांतून केशरोपण, नाक, चरबी, पापण्या हे शब्द कानी येऊ लागले आहेत, आणि ते केवळ मुलींच्याच तोंडून नव्हे.

प्रारंभीच एक सांगितले पाहिजे. मुलीस हा नाद का लागला म्हणून मी तिला बोल लावणार नाही. माणसाला आपला चेहरा प्रिय असतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्यातील कावसजी नावाचा एक बैलगाडीवान शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने, विटा घडविणाऱ्या जातीतल्या माणसाने, त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीगत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापली गेली आणि तेथील शल्यविशारदांनी ती विद्या उचलली. हात गेला त्याचे कावसजीला दुःख नसेल असे नाही. पण नाक परत मिळावे म्हणून तो सुरीखाली बसला, तेही भुलीशिवाय. तेव्हा मुलीच्या इच्छेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. मला म्हणावयाचे आहे ते ‘मोठी शस्त्रक्रिया नाही’ या आठ अक्षरांच्या आश्वासनाविषयी.

मी आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केले. शस्त्रक्रिया लहान की मोठी हे शल्यविशारद ठरवितो. परंतु माणूस पूर्ण झोपविला, की त्याचा श्वास, त्याचे हृदय आणि त्याचा रक्तदाब दुसऱ्याच्या हाती जातात, मग कापावयाचे असो बोटभर की हातभर. क्लोरोफॉर्म प्रचारात येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी भूल दिल्यानंतर काही मिनिटांत दगावली. तिची शस्त्रक्रिया कसली, तर पायाच्या बोटाचे नख काढण्याची! आपल्या हैदराबादला तर या प्रश्नाशी विशेष नाते आहे. क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली निजाम सरकारच्या खर्चाने येथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले होते. जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांत जिची गणना होते, ती रूपाबाई फर्दुनजी याच शहरातली. आयोगाचे सूत्रधार एडवर्ड लॉरी यांनी ‘श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाची चिंता करू नका’ असा निष्कर्ष काढला, आणि तो अर्धाच बरोबर होता, हे पुढे सिद्ध झाले. क्लोरोफॉर्मने हृदयही थांबू शकते. आज औषधे फार सुरक्षित झाली आहेत आणि भुलीची यंत्रे प्रत्येक श्वासाचा हिशेब देतात. परंतु यंत्र सांगते ते आत्ता काय घडत आहे, एवढेच. या माणसाच्या शरीरात आधीपासून काय दडले आहे, हे शोधण्याची वेळ त्यापूर्वीची असते.

आणि येथेच सौंदर्यशस्त्रक्रिया इतर शस्त्रक्रियांहून वेगळी ठरते. अपेंडिक्स फुटलेला रुग्ण रात्री दोन वाजता आला, त्याची साखर तीनशे असली, छातीत कफ असला, तरी आम्ही त्याला भूल देतो. कारण थांबलो तर तो मरेल. तराजूच्या एका पारड्यात रोग असतो, म्हणून दुसऱ्या पारड्यात थोडा धोका घालता येतो. नाकाच्या बाकाने आजवर कोणी मेलेले नाही. एक पारडे रिकामे असता दुसऱ्यात किती धोका घालावयाचा? म्हणून धडधाकट माणसाच्या हौसेच्या शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी इतर कोणत्याही शस्त्रक्रियेपेक्षा कडक हवी, आणि तीत लहानशी शंका आली तरी ‘तूर्त नको’ म्हणता यावे. व्यवहारात मात्र नेमके उलट होते. ‘रोगच नाही, तर तपासावयाचे काय?’ असा प्रश्न विचारला जातो.

याचे एक दुःखद उदाहरण अमेरिकेतले आहे आणि ते बरेच गाजले. डोंडा वेस्ट या शिकागो स्टेट विद्यापीठात इंग्रजी विभागाच्या प्रमुख राहिलेल्या विदुषी. कान्ये वेस्ट या प्रसिद्ध गायकाच्या त्या आई. नोव्हेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी स्तनांची शस्त्रक्रिया व चरबी काढणे हे एकाच वेळी करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. मृत्यूच्या चौकशीत हृदयाच्या रोहिण्यांचा विकार आणि शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या अनेक गोष्टी, असे कारण नोंदले गेले; दोष अमक्याचाच, असे त्या अहवालाने म्हटले नाही, आणि मीही म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट मनाला लागून राहते. याआधी त्या दुसऱ्या एका शल्यविशारदाकडे गेल्या होत्या. ‘प्रथम वैद्याकडून तपासून घ्या, त्याचा होकार आणा, मगच मी हात लावीन’ असे आपण त्यांना सांगितले होते, हे त्याने नंतर जाहीर केले. तो होकार त्यांनी आणला नाही. शस्त्रक्रिया दुसरीकडे झाली.

त्यांच्या भाचीने हा विषय सोडला नाही. तिच्या खटपटीतून कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात ‘डोंडा वेस्ट कायदा’ आला, २००९ मध्ये त्यावर राज्यपालांची सही झाली आणि २०१० च्या आरंभापासून तो अमलात आला. सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वीच्या तीस दिवसांत रुग्णाची शारीरिक तपासणी झालेली असली पाहिजे, त्याचा पूर्वेतिहास विचारलेला असला पाहिजे आणि शस्त्रक्रियेस हरकत नाही असे लेखी मिळाले पाहिजे, अशी त्यात अट आहे. कायदा फार कडक आहे असे नाही. तो मोडणे हा फौजदारी गुन्हा नव्हे, असेही त्यातच म्हटले आहे. पण वाचकांनी एक बारकावा ध्यानी घ्यावा. अमुक रक्ततपासणी करा, तमुक आलेख काढा, अशी यादी त्या कायद्यात नाही. त्याने मागितले आहे ते एवढेच, की कोणीतरी जाणत्या माणसाने या रुग्णासमोर बसावे, त्याला प्रश्न विचारावेत, त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावावा आणि आपल्या सहीने जबाबदारी घ्यावी.

आता मुलीच्या वडिलांकडे वळते. सत्तर तपासण्या केल्या म्हणजे निर्धास्त झालो, असे त्यांस वाटते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट तपासण्या करण्याने काही लाभ होतो का, हे अमेरिका व कॅनडात सुमारे एकोणीस हजार शस्त्रक्रियांवर पाहण्यात आले आणि निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांच्या ठराविक तपासण्या केल्या, अर्ध्यांच्या केल्या नाहीत; गरज दिसली तेथेच केल्या. दोन्ही गटांत त्रास उद्भवण्याचे प्रमाण सारखेच निघाले : दर हजार शस्त्रक्रियांमागे सुमारे एकतीस. मोतीबिंदू ही डोळ्यापुरती भूल देऊन होणारी शस्त्रक्रिया आहे, तिचा निष्कर्ष चरबी काढण्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही सरसकट तपासण्यांवर विसंबू नये, एवढे तो नक्की शिकवितो.

शिवाय तपासण्यांचे एक गणित असते, ते प्रयोगशाळेच्या जाहिरातीत छापलेले नसते. बहुतेक तपासण्यांची ‘सामान्य’ मर्यादा अशी आखलेली असते, की निरोगी माणसांपैकी शंभरात पाच जण त्या मर्यादेबाहेर पडतातच. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा वीस तपासण्या ठणठणीत माणसाच्या केल्या, तर त्यांतील एखादी तरी बिघडलेली दिसण्याची शक्यता शंभरात चौसष्ट होते. सत्तर केल्यावर काय होईल, याचा हिशेब वडिलांनीच करावा. मग त्या एका तांबड्या आकड्यामागे धावताना पुन्हा रक्त, पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा विशेषज्ञ. घरात काळजी, आणि खरे विचारावयाचे ते विचारावयाचे राहूनच जाते.

विचारावयाचे राहून गेले तर काय होते, हे मला माझ्याच हातून घडलेल्या एका प्रसंगाने शिकविले. १९८६ सालची गोष्ट. एका खासगी रुग्णालयात नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी एक तेलुगू मुलगी आली होती, वय एकवीस-बावीस. रक्त, लघवी, छातीचे चित्र, सारे काही स्वच्छ. आदल्या सायंकाळी मी तिला पाहिले, छाती तपासली, तोंड उघडून घसा पाहिला. “घरात कुणाला कधी भुलीचा त्रास झाला होता का?” हेही विचारले. ती “नाही” म्हणाली. मी कागदावर ‘नाही’ लिहिले आणि पुढच्या रुग्णाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास तिला भूल दिली. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू सैल करणारे एक औषध आम्ही देत असू, आजही देतात. आमच्या बोलीत त्याला ‘स्कोलिन’ म्हणतात. त्याचा परिणाम पाच-सात मिनिटांत ओसरतो व रुग्ण पुन्हा स्वतः श्वास घेऊ लागतो. ही मुलगी दहा मिनिटांनी श्वास घेईना, वीस मिनिटांनी घेईना. तासाभरात नाकाचे काम आटोपले, शल्यविशारद हात धुऊन आले, तरी ती निश्चल. रक्तातील ज्या द्रव्याने हे औषध विरघळून जाते, ते काही माणसांत जन्मतःच सदोष असते. हा दोष घराण्यातून उतरतो, आणि तेलंगण-आंध्रातील एका समाजातील काही घराण्यांत तो इतरांपेक्षा अधिक आढळतो. मला हे पुस्तकातून ठाऊक होते. डोळ्यांनी प्रथमच पाहत होते. उपाय एकच : तिला झोपलेली ठेवावयाची आणि औषध उतरेपर्यंत तिचा श्वास आपण चालवावयाचा. त्या रुग्णालयात व्हेंटिलेटर नव्हता. मी आणि एक परिचारिका आळीपाळीने हाताने पिशवी दाबत बसलो. दुपारी तीन वाजता तिची बोटे हलली. पावणेचारला तिने आपला पहिला श्वास घेतला.

बाहेरच्या व्हरांड्यात तिची आई सकाळपासून बसून होती. मी जाऊन तिला सर्व सांगितले. ती माझा हात धरून म्हणाली, “डॉक्टरम्मा, माझ्या भावालाही अपेंडिक्सच्या वेळी असेच झाले होते. रात्र झाली तरी उठला नव्हता. ही तेव्हा जन्मलीही नव्हती.” आदल्या सायंकाळी ही माउली त्याच व्हरांड्यात, माझ्यापासून दहा पावलांवर बसलेली होती. मी तिला आत बोलावले नव्हते. मुलगी खोटे बोलली नव्हती. तिला ठाऊकच नव्हते. त्या दोषाची रक्ततपासणी असते, परंतु ती कोणत्याही सरसकट यादीत नसते. मामाची हकीगत ऐकल्याशिवाय ती कोणाला सुचणारही नाही. मुलगी सुखरूप घरी गेली. मला मात्र त्यानंतर कित्येक दिवस झोपेत ती पिशवी दाबल्याचा भास होत असे.

म्हणून, काचीगुड्याच्या भगिनी, आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे, की तपासणी हवीच. परंतु प्रथम माणसाची, मग रक्ताची. मुलीस भूल देणारे भूलतज्ज्ञ कोण, हे आधी विचारा आणि शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस त्यांची भेट मागा. त्या दिवशी सकाळी मेजावर झोपल्यावरची ओळख पुरेशी नाही. ‘भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, आयत्या वेळी ठरेल’ असे उत्तर मिळाले, तर दुसरे चिकित्सालय पाहावे, असे मी स्पष्टच सांगते. श्वास थांबला तर तेथे व्हेंटिलेटर आहे का आणि नसल्यास रुग्णास कोठे हलविणार, हेही विचारण्यास संकोचू नये. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे शिक्षण कोणते, हाही प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. केशरोपण व सौंदर्योपचार हे कार्यशाळेत किंवा यू-ट्यूबवर पाहून आरंभता येत नाहीत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये मुद्दाम सांगावे लागले आहे.

या भेटीत पहिला भाग आपण मुलीजवळ बसून ऐकावा, कारण घराण्याची माहिती आपल्याजवळ आहे : कुणाला भुलीचा त्रास, कुणाच्या पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी, कुणाला दात काढल्यावर न थांबणारा रक्तस्राव, कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू. लहानपणी तिचे सांधे सुजले होते का, हेही सांगावे. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली असते आणि ती स्टेथोस्कोपलाच कळते. त्यानंतर मात्र आपण उठून बाहेर बसावे. हे वाचून आपणांस कदाचित वाईट वाटेल. परंतु सव्वीस वर्षांची मुलगी सिगारेट ओढत असेल, गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर ते आईसमोर डॉक्टरांना सांगणार नाही. आणि या गोष्टी आम्हांस कळल्याच पाहिजेत. धूम्रपानाने कातडीचा रक्तपुरवठा घटतो व जखम सडू शकते. ते किमान चार आठवडे आधी थांबवावे लागते. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, आणि चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेत ज्या गोष्टींची सर्वाधिक भीती, त्यांत फुप्फुसात अडकणारी गुठळी आहेच. आपल्या घरांतून लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतात. त्यांना कोणी औषध समजत नाही आणि विचारल्यावर सांगतही नाही. त्याही याच कारणासाठी सांगावयाच्या.

आणखी एक नवी गोष्ट निघाली आहे. वजन उतरविण्यासाठी आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची इंजेक्शने. त्यांनी जठर रिकामे होण्यास विलंब लागतो. सहा तास उपाशी राहिलेल्या माणसाच्या पोटातही अन्न शिल्लक असू शकते, आणि भुलीत ते उलटून फुप्फुसात गेले तर प्राणावर बेतते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये याविषयी इशारा दिला. लग्नापूर्वी सडपातळ होऊ पाहणाऱ्या मुलीने ती घरच्यांस न सांगता चालू केलेली असणे अशक्य नाही. मुळात सौंदर्यशस्त्रक्रियेचा सारा व्यवहारच चोरून होतो. शेजारणीस कळू नये, सासरी कळू नये, येथपर्यंत ठीक. परंतु ही लपवाछपवी भूलतज्ज्ञापर्यंत पोहोचते, तेव्हा ती घातक होते.

हे सर्व ऐकल्यावर डॉक्टर ज्या तपासण्या सांगतील त्या कराव्यात. अशा मुलीसाठी त्या बहुधा थोड्याच असतील : हिमोग्लोबिन व रक्तातील पेशी, साखर, मूत्रपिंडाचे कार्य, दिवस गेले नाहीत ना याची चाचणी, हृदयात काही आवाज ऐकू आला तर इकोकार्डिओग्राम. रक्तस्रावाचा इतिहास असेल तर रक्त गोठण्याची तपासणी. आपल्याकडील स्त्रियांत रक्तक्षय इतका आढळतो, की हिमोग्लोबिनच्या बाबतीत त्या चिकित्सालयाचे म्हणणे बरोबरच आहे. ते तेथेच थांबले, ही चूक.

आता दोन शब्द मुहूर्ताविषयी. नाकाची सूज पूर्ण उतरण्यास कित्येक महिने, कधी वर्षही लागते. चरबी काढलेल्या जागी सूज व काळेनिळे डाग काही आठवडे राहतात. शिवाय दोन कामे एकाच वेळी म्हणजे भुलीचा काळ लांबणार. लग्नाच्या छायाचित्रांत सुजलेले नाक यावे, अशी कोणाचीच इच्छा नसेल. मला विचाराल तर मार्गशीर्षाआधी काहीच करू नये; लग्नानंतर वर्षभराने मुलीला हवे असेलच, तर एकेक काम स्वतंत्रपणे, सगळे विचारून-सवरून करावे. पण हा निर्णय तिचा आहे, माझा नाही आणि सत्तर तपासण्यांची योजना आणणाऱ्या तिच्या वडिलांचाही नाही.

एक काम मात्र आज सायंकाळीच होण्यासारखे आहे. आपल्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांस फोन करावा आणि घरात आजवर कुणाकुणाची शस्त्रक्रिया झाली, कुणाला जाग यायला उशीर झाला, हे विचारून एका कागदावर लिहून ठेवावे. रुग्णालयाचे जुने कागद कुणी जपून ठेवले असतील तर त्यांची प्रत मागवावी. तो कागद मुलीने भूलतज्ज्ञाकडे जाताना बरोबर न्यावा.